निळा पट्टा

ऑफिसात तिला सगळे पट्टीबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं ‘बाई’. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिच्या टेबलावर तिच्या बापाची पोलादी पट्टी असायची, हातभर लांब, एका टोकाला गंजून तपकिरी झालेली. कुणी तिच्या आखलेल्या कागदावर उगाच बोट ठेवलं की आधी ती पट्टी टेबलावर आपटायची आणि मग बाईचं तोंड उघडायचं. दोन्हींत धार कुणाला जास्त, यावर चहाच्या वेळी पैजा लागत.

घरातल्या यंत्रांवर चिकटवायची लेबलं आखणं हे तिचं काम. दुकानात फ्रिज रांगेनं उभे असतात, नव्या कपड्यांतल्या पाहुण्यांसारखे, पांढरेशुभ्र आणि मख्ख. त्यांच्या दारावर एक चौकोनी कागद असतो, हे यंत्र वर्षाला किती वीज खातं ते सांगणारा. तो कागद आभाळातून पडत नाही. अक्षर किती जाड, रेघ किती लांब, रंग कोणता, यावर कुणीतरी मान मोडून बसलेलं असतं. इथे ती मान पट्टीबाईची होती. सव्वीस वर्षं मोडून मोडून ती मान आता उजवीकडे पुरती वळतही नव्हती. कुणी उजवीकडून हाक मारली की बाई अख्खी खुर्ची फिरवायची, आणि एवढं फिरवायला लावल्याबद्दल समोरच्यावर आधीच चिडलेली असायची.

बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सायकलला रंगाचे डबे, खांद्यावर शिडी, आणि मागे ही धाकटी पोर पट्टी धरून. पाटी रंगवून झाली की बापाची एक खोड होती. तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही थांबवायचा. भाजी घेऊन निघालेली बाई असो, हातगाडी ओढणारा गडी असो. “दादा, जरा बघा की. तिकडं काय दिसतंय?” तो माणूस वाचायचा, अडखळायचा, कधी भलतंच सांगायचा. भलतं सांगितलं की बाप त्याच्याशी वाद घालत नसे. निमूट परत यायचा, चिंधी रॉकेलमध्ये बुडवायचा आणि ओली अक्षरं पुसून टाकायचा. त्या वेळी पोरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रस्त्यात लोकांच्या हातापाया पडून वाचून घेतो, आपल्या बापाला आपलं काम येत नाही असंच जगाला वाटणार, असं तिला वाटायचं. मोठी झाल्यावर ती अशा ठिकाणी नोकरीला लागली, जिथे रस्ता ओलांडावा लागत नव्हता.

तिच्या आयुष्यातली मोठी लढाई तीन वर्षांपूर्वी झाली. फ्रिजचं नवं लेबल करायचं ठरलं होतं. तिनं आडवा पट्टा काढला. जितकी वीज जास्त खाणार तितका पट्टा लांब, आणि लांब होता होता हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लालभडक. मोठ्या कमिटीत कारखानदारांचा माणूस बसायचा. बोलणं इतकं गोड की ऑफिसात त्याला खडीसाखर म्हणत. तो म्हणाला, “बाई, फार सुरेख. फक्त तो लाल रंग जरा डोळ्यांत खुपतो हो. आमच्या मालाला दृष्ट लागल्यासारखं दिसतं.” मग चार महिने भांडण झालं. पट्टी टेबलावर इतक्या वेळा आपटली गेली की टेबलाची कड खडबडीत झाली. शेवटी मधला मार्ग निघाला. रंग त्यांचा, लांबी हिची. सगळे पट्टे एकाच निळ्या रंगाचे, पण लांबीला हात लावायचा नाही. खाली बारीक अक्षरांत वर्षाचे युनिट.

मग नियमाप्रमाणे चाचणी झाली. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या चाळीस जणांना दोन लेबलं दाखवून विचारलं, कुठला फ्रिज कमी वीज खातो? चाळीसच्या चाळीस जणांनी आखूड पट्ट्यावर बोट ठेवलं. ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी लेबल काचेत मढवून बाईच्या मागच्या भिंतीवर लावलं. बाई आल्यागेल्याला सांगायची, “रंग दिला, पण लांबी सोडली नाही.” सांगताना तिचा आवाज रान पिकल्यावर शेतकऱ्याचा होतो तसा व्हायचा.

आता तीन वर्षांनी तेच लेबल पाच वर्षांसाठी कायम होणार होतं, आणि फ्रिजच्या जोडीला कपडे धुण्याची यंत्रं, पंखे, पाणी तापवायच्या टाक्या, सगळ्यांवर तोच निळा पट्टा बसणार होता. येत्या शुक्रवारी कमिटी. त्याच बैठकीत बाईला मानपत्र. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती, म्हणजे हेच तिच्या हातचं शेवटचं मोठं काम. पट्टा राहणार आणि बाई घरी जाणार.

मानपत्र घ्यायला नवा कपडा हवा, म्हणून शनिवारी अर्धी सुट्टी झाल्यावर ती कापड घेऊन अक्काकडे गेली.

अक्का तिची थोरली बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन. आई लवकर गेली तेव्हा अक्कानंच हिला वाढवलं, आणि हिचा राग पहिल्यांदा झेलला तोही तिनंच. अक्का शांत. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे तिचं बोलणं नेहमी तोंडाच्या एका कोपऱ्यातून, थोडक्यात. भावोजींना साखरेचा आजार. रोज दोन वेळा इंजेक्शन, तेही अक्काच द्यायची. सुई तिच्या हातातली ओळखीची. चार महिन्यांपूर्वी त्यांचा जुना फ्रिज मेला आणि अक्कानं स्वतः जाऊन नवा आणला. फोनवर म्हणाली होती, “तुझाच कागद बघून घेतला गं. दुकानदाराचं काही ऐकलं नाही.” हे बाईनं ऑफिसात चौघांना सांगितलं होतं. पण कामाच्या धबडग्यात चार महिने तिकडे जाणं झालं नव्हतं.

उन्हाचा कहर होता. अक्का कापणीच्या टेबलावर वाकलेली, भावोजी आतल्या खोलीत पंख्याखाली आडवे.

“आलीस? काळी पडलीस गं,” अक्का टाचण्यांच्या आडून म्हणाली. “पाणी घे. नवा फ्रिज बघ.”

फ्रिज मधल्या दाराशी होता आणि अक्कानं त्याला अंगरखा शिवला होता. जाड सुती कापडाचा, कडेला गोट लावलेला, थेट पायापर्यंत. छातीवर एक चौकोन कापून त्याची कड बारीक टाक्यांनी दुमडली होती आणि त्या खिडकीतून लेबल दिसत होतं. धाकटीचा कागद झाकला जाऊ नये म्हणून.

बाई कौतुकानं जवळ गेली. पण त्या खिडकीत तिला पट्टा दिसला. निळा, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत. लेबलावर जेवढी जागा होती तेवढी सगळी खाऊन बसलेला. इतका लांब पट्टा तिनं फक्त नमुन्याच्या कागदावर काढला होता, सगळ्यात खादाड यंत्रासाठी. असं यंत्र कुणी घेईल असं काढताना तिला वाटलंच नव्हतं.

तिनं दार उघडलं. आत दिवा लागला नाही. गार वाऱ्याऐवजी बंद कपाटाची ऊब तोंडावर आली. दारातल्या कप्प्यात भावोजींच्या इंजेक्शनच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. तिनं एक उचलली. नुकत्याच आंघोळ घातलेल्या पोराच्या कानाएवढी कोमट होती.

“अक्का, वीज गेलीय?”

“नाही गं. बटण बंद केलंय.”

“बंद? फ्रिजचं बटण कोण बंद करतं?”

“दहा ते पाच करते. संध्याकाळी लावते परत.” अक्कानं कात्री खाली ठेवली. “काय खातो गं तो. बाहेरचं मीटर बघ एकदा. लट्टूसारखं फिरतं. पहिल्या महिन्यात मला वाटलं कुणी तार टाकून चोरतंय, माणूस बोलावून बघितलं. तो म्हणाला, ताई, चोर तुमच्या घरातच उभा आहे.”

“आणि औषध? चार महिने हे औषध रोज तापतंय आणि रोज गार होतंय?”

“दार उघडत नाही ना मी. गारवा राहतो आत.”

“कुठे राहतो? हात लावून बघ! डॉक्टर काय म्हणतात?”

आतून भावोजींचा आवाज आला, “डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. म्हणतात, तुम्ही चोरून गोड खाता. मला चोर ठरवलं राव, आणि चोर इथं दाराशी अंगरखा घालून उभा.”

बाईचा ताबा सुटला. “अगं, तुला वाचता येत नाही का? ढळढळीत एवढा लांब पट्टा दिसतोय! सगळ्यात वाईट यंत्र उचलून आणलंस तू, सगळ्यात वाईट!”

“सगळ्यात चांगलं आणलं,” अक्का म्हणाली. तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. हे ती फार क्वचित करायची. “सहा फ्रिज होते. प्रत्येकावर तुझा कागद. मी एकेकाचा पट्टा बघत गेले. एकावर बोटभर, एकावर वीतभर. म्हटलं, आपल्या धाकटीनं काढलंय, उगाच नाही काढलेलं. ज्याचा सगळ्यात लांब, तोच भरीव असणार.”

“लांब म्हणजे वीज जास्त!”

“हे कुठे लिहिलंय?”

“खाली लिहिलंय!”

“ते मुंगीच्या पावलाएवढं? मी सुईत दोरा ओवायला चष्मा लावते गं, दुकानात फ्रिज बघायला भिंग घेऊन जाऊ? माझ्याकडे गिऱ्हाईक कापड घेऊन येतं. लांब असलं तर चांगलं. आखूड असलं तर मी म्हणते, बाई, पुरायचं नाही. लांब वाईट असतं हे मला जन्मात कुणी सांगितलं नाही.”

“तिसऱ्या मजल्यावरच्या चाळीस माणसांनी बरोबर वाचलं!”

“मग त्या चाळिसांना विक फ्रिज.” अक्काचा आवाज तरीही वर गेला नाही. “मला विचारलंस कधी? एकदा तरी, आखताना, अक्का, हे बघून तुला काय वाटतं, म्हणून? अण्णा तर रस्त्यावरच्या कुत्र्यालाही विचारायचे.”

बापाचं नाव निघालं आणि बाई चप्पल पायात सरकवून उन्हात निघून गेली. कापड टेबलावर तसंच राहिलं.

ती कुणावर चिडली होती ते तिला सांगता आलं नसतं. अक्कावर चिडून बघितलं, जमेना. बारीक अक्षरांवर चिडून बघितलं, ती तिनंच लिहिली होती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला तिनं मुठीतली कोमट बाटली दाखवली. तो म्हणाला, “असं गार-गरम झालेलं सगळं टाकून द्या, त्यात ताकद किती उरली ते कुणी सांगू शकत नाही.” तेव्हा मात्र रागाला तोंड फुटलं, आणि ती तडक गेली ती अक्कानं फ्रिज घेतला त्या दुकानात.

दुकान गार होतं, काचेचं, पांढऱ्या दिव्यांचं. गळ्यात टाय बांधलेला एक तरतरीत विक्रेता धावत आला. बाईनं आपण कोण ते सांगितलं नाही. फ्रिज हवाय म्हणाली.

“या ना मावशी. हा बघा.” त्यानं तिला सरळ सगळ्यात लांब पट्ट्यापाशी नेलं आणि पट्ट्यावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घोड्याच्या पाठीवरून फिरवावं तसं. “पट्टा बघा. फुल आहे. याच्याइतका पट्टा तुम्हाला दुसरीकडे दिसणार नाही.”

“पट्टा लांब म्हणजे काय?”

“म्हणजे दम आहे मशीनमध्ये.”

“वीज जास्त खातं असं नाही ना?”

तो क्षणभर थबकला. त्या क्षणात बाईला सगळं दिसलं. त्याला माहीत होतं.

“मावशी, तसं काही नसतं हो,” तो म्हणाला. “सरकारी लेबल आहे. लोक तेच बघून घेतात. आम्ही काही खोटं बोलत नाही, नुसता पट्टा दाखवतो.”

सव्वीस वर्षांत तिनं टेबलावर आपटलेल्या पट्टीचा आवाज तिला एकदमच ऐकू आला. चार महिने भांडून ज्याचं एक बोटभरही जाऊ दिलं नाही, ती लांबी. तिसऱ्या मजल्यावरची चाळीस माणसं दिवसभर वीजच मोजत बसायची. त्यांच्या प्रत्येक तक्त्यात उंच खांब म्हणजे नुकसान, लांब रेघ म्हणजे गळती. विहिरीतल्या बेडकांना विचारलं पाणी कुठे आहे, आणि सगळ्यांनी बरोबर सांगितलं.

संध्याकाळी ती अक्काकडे परत आली, हातात थर्मासभर बर्फ आणि नव्या बाटल्या. माफी मागणं तिच्या घराण्यात नव्हतं. तिनं फ्रिजचं बटण चालू केलं, बाटल्या आत ठेवल्या आणि म्हणाली, “सोमवारपासून रजा टाकतेय. तुझं दुकान चार दिवस लागेल मला.”

“बरं,” अक्का म्हणाली. “अंगाचं माप दे आधी. कापड पडलंय.”

“नको ते आता.”

“बैठकीला जाणार आहेस ना? मग भांडायला तरी धड कपड्यात जा.”

सोमवार ते गुरुवार बाई शिवणाच्या मशीनशेजारी स्टुलावर बसली. जो कुणी माप द्यायला, बटण लावायला, चेन बदलायला येईल त्याच्यासमोर दोन लेबलं धरायची, एक आखूड, एक लांब. “यातला कुठला फ्रिज घ्याल?” उत्तर आलं की अक्का खडूनं भुऱ्या कागदावर रेघ ओढायची, ज्या कागदावर ती एरवी बाह्यांचे आणि गळ्यांचे आकार काढायची. पहिल्याच तासात बाईनं दोन गिऱ्हाइकांना झापलं. “नीट बघून सांगा!” तेव्हा अक्का म्हणाली, “तू परीक्षा घेऊ नकोस गं. नुसतं विचार. आणि भुवया खाली कर, माणसं पळतील.”

चौथ्या दिवशी रेघा मोजल्या. त्रेसष्ट माणसं. शेहेचाळीस जणांनी लांब पट्टा उचलला होता, अकरा जणांनी आखूड. उरलेल्या सहा जणांनी दोन्ही लेबलं बाजूला सारून विचारलं होतं, “ते ठीक आहे, पण वर्षाला वीज किती लागते ते कुठे आहे?” त्या सहांच्या रेघांभोवती अक्कानं खडूचं गोल रिंगण काढलं.

“हे शहाणे,” ती म्हणाली.

शुक्रवारी बाई बैठकीला गेली, नव्या कपड्यात, एका बगलेत पोलादी पट्टी, दुसऱ्या बगलेत गुंडाळलेला भुरा कागद. लांबलचक टेबल, पाण्याचे पेले, वर मंद फिरणारे पंखे. साहेबांपुढे मानपत्र ठेवलेलं, सोनेरी कडेचं. खडीसाखर समोरच बसलेला.

“आधी एवढं सांगतो,” खडीसाखर उठून म्हणाला, “तीन वर्षांपूर्वी आम्ही बाईंशी भांडलो. आज आम्ही कान पकडतो. इतकं लोकांच्या पसंतीचं लेबल आजवर झालं नाही. याचा एक ठिपकासुद्धा हलवू नये, आमची एवढीच विनंती.”

टेबलाभोवती माना डोलल्या. साहेबांनी पेन उघडलं. पट्टी टेबलावर आपटली. सगळे पेले एकदम शहारले.

“सही करू नका साहेब. लेबल चुकीचं आहे.”

साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई विनयानं बोलतायत. मग त्यांनी तिचं तोंड बघितलं आणि हसू खिशात घातलं. “बाई, अहो, तुमचंच लेबल आहे.”

“म्हणूनच सांगतेय. लोक उलटं वाचतात. लांब पट्टा म्हणजे चांगलं यंत्र, असं समजून सगळ्यात वाईट फ्रिज घरी नेतात.” तिनं भुरा कागद टेबलावर उलगडला. खडूची धूळ सोनेरी कडेवर उडाली. “त्रेसष्टांत शेहेचाळीस.”

“पण आपली चाचणी झाली होती. चाळीसपैकी चाळीस.”

“ते चाळीस जण या इमारतीतले होते साहेब. त्यातला एक तुम्ही होता आणि एक मी.”

खडीसाखरनं मान वाकडी करून कागद बघितला. “हे काय, बाह्यांचे आकार दिसतायत मला. एका शिवणाच्या दुकानावरून देशाचं धोरण बदलायचं का बाई?”

तेवढ्यात दार ढकलून चहाचा ट्रे घेऊन मामा आले. मामा म्हणजे ऑफिसचे शिपाई, तीस वर्षं चहा आणणारे, तळमजल्यावर बसणारे, म्हणून चाळिसांत कुणी न धरलेले. बाईनं खुर्ची फिरवली.

“मामा, ट्रे ठेवा. घरी फ्रिज घ्यायचाय समजा. या दोनांतला कुठला घ्याल?”

“माझी परीक्षा कशाला बाई?”

“परीक्षा माझी आहे. सांगा.”

मामांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, दोन्ही लेबलं बघितली आणि लांब पट्ट्यावर बोट ठेवलं. “हा.”

“का?”

“भरलेला आहे ना. मोबाईलची बॅटरी दिसते तसा. हा दुसरा म्हणजे बंद पडायला आलेला.”

कुणीतरी खोकलं. खडीसाखर गोड हसला. “आता मामांना त्यातलं काय कळणार?”

“मामांसाठीच आहे ते!” बाई ओरडली. बाहेरच्या टेबलांवरचे लोक मान वर करून बघू लागले. “तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी नाही! ज्याला कळत नाही त्याच्यासाठीच कागद काढतात! तुम्हाला कळतं ना? मग एक सांगा. लोक उलटं वाचतात हे तुम्हाला कधी कळलं?”

खडीसाखरनं चहाचा कप उचलला. “बाजारावर आमची नजर असते, बाई.”

“कधी?”

“पहिल्याच उन्हाळ्यात.” त्यानं एक घोट घेतला. “आणि राग नका मानू, पण पट्टा तुम्ही मागितला होता. आम्ही तर फक्त रंग मागितला होता.”

हे खरं होतं. तिच्या भावोजींना चार महिने चोर ठरवलं गेलं होतं. किती घरांत मीटर लट्टूसारखं फिरत होतं, कोण कोण दुपारी बटण बंद करत होतं, आणि हा माणूस तीन उन्हाळे गोड हसत बसला होता. पण लांबी तिचीच होती. ती हरली असती तर बरं झालं असतं. ती जिंकली होती.

“साहेब, टिपणी लिहा,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता, पण त्यातली धार गेली नव्हती. “आरेखक बाईंची चूक झाली, असं लिहा. बाहेरच्या माणसांना न विचारता लेबल केलं, असं लिहा. खाली मी सही करते.”

“बाई, आज तुमचं मानपत्र आहे. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. असं कागदावर आलं तर...”

“ते मानपत्र त्या चाळिसांना द्या. आणि यांना जे पहिल्याच उन्हाळ्यात कळलं, तेही टिपणीत घ्या. यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे.”

खडीसाखरचा कप बशीत जरा जोरात टेकला. त्या दिवशी त्याच्याकडून झालेला तेवढाच एक आवाज.

साहेबांनी पेन बंद केलं, परत उघडलं, आणि लिहिलं. पाच वर्षांची मंजुरी थांबली. नवं लेबल करायचं, युनिटचा आकडा सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठा ठेवायचा, चाचणी इमारतीबाहेर घ्यायची असं ठरलं.

“आणि जुनं लेबल?” बाईनं विचारलं. “दुकानातलं?”

“ते नवं मंजूर होईपर्यंत चालू राहील. नियमाप्रमाणे आठेक महिने.”

“आठ महिने? म्हणजे हा उरलेला उन्हाळा आणि वर दिवाळीची खरेदीही?”

“बाई, नियम आहे.”

तिनं सही केली. बापाच्या पाटीवरच्या अक्षरांसारखी, ठळक, रस्त्यापलीकडून वाचता येईल अशी.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अर्धी सुट्टी झाली तशी ती दुकानात गेली आणि फ्रिजच्या रांगेपुढे उभी राहिली. पट्टी हातात. एक नवरा-बायको आली. टायवाला विक्रेता त्यांना लांब पट्ट्याकडे घेऊन निघाला.

“तो घेऊ नका,” बाई म्हणाली. “लांब पट्टा म्हणजे वीज जास्त.”

“ओ मावशी!” विक्रेता लाल झाला. “तुम्हाला काय करायचंय? चला, बाहेर व्हा.”

“होते. उद्या परत येते. आठ महिने येते.”

“कुणी पाठवलं तुम्हाला? समोरच्या दुकानानं?”

“कुणी नाही. तो कागद मी काढलाय. चुकीचा काढलाय.”

विक्रेता मालकाला बोलवायला आत पळाला. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिली. मग बायको जवळ आली, पर्स छातीशी धरून, जरा घाबरत.

“मग कुठला घ्यायचा?”

बाईनं मान वळवायला बघितली, वळली नाही, तेव्हा सगळं अंगच वळवलं. मग फ्रिजपुढे गुडघे टेकले, पोलादी पट्टीची कड त्या मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांखाली धरली आणि बायकोला म्हणाली, “खाली वाका. हा आकडा वाचा. मोठ्यानं. मला ऐकू द्या.”